माइंड द हाऊस

अमेरिकेत पिस्कॅटवेच्या ज्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये मी नोकरीला लागलो, तिथला माझा वरचा माणूस आयरिश होता आणि गोलकीपर होता. फुटबॉलचा नाही, हर्लिंगचा. हर्लिंग काय असतं हे तिथे जाईपर्यंत मला तरी कुठे ठाऊक होतं! हॉकीसारखी, पण टोकाला पसरट आणि चपटी काठी. तिला हर्ली म्हणतात. क्रिकेटच्या चेंडूएवढा चामड्याचा चेंडू, शिवणी वर आलेल्या. तो जमिनीवरून, हवेतून, कसाही मारायचा. गोलच्या आडव्या दांडीवरून गेला तर एक पॉइंट, खालून गेला तर गोल, म्हणजे तीन. दांडीखालचं सगळं गोलकीपरचं. पायाला पॅड नाहीत, आणि त्या काळात पुष्कळजण डोक्याला काही न घालताच खेळायचे. त्याच्या भुवईवर आणि हनुवटीवर टाक्यांच्या खुणा होत्या. डाव्या हाताची करंगळी मोडून कायमची बाहेर वळलेली होती. सिंकखालचा नट पकडायला ती बरोबर जाते, असं तो सांगायचा.

मी नववीतून शाळा सोडली होती. वडिलांची बोटं करवतीत गेली आणि फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये कुणीतरी उभं राहायला हवं होतं, एवढंच. ताई नर्स होऊन अमेरिकेला गेली, तिनं माझ्यासाठी अर्ज करून ठेवला, आणि मी तो विसरून गेल्यावर कित्येक वर्षांनी माझा नंबर लागला. तिशी ओलांडलेला, इंग्रजी तोडकंमोडकं, हातात सुतारकाम. ताईच्या ओळखीतले सगळे शिकलेले. रविवारी कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये बुद्धवंदनेला जमलो की जेवताना हमखास विचारणा व्हायची, "तुमचं कॉलेज कुठलं?" मी घास मोठा घ्यायचो, म्हणजे उत्तर ताईच देईल. कुणी वाईट वागलं नाही कधी. तरी आपण इथे चुकून आलोय आणि कुणाच्या तरी लक्षात आलं की परत पाठवतील, असं मला सारखं वाटायचं. दाराला कुलूप लावलं की मी परत येऊन ते ओढून बघायचो. अजून बघतो.

कॉम्प्लेक्सच्या मेंटेनन्सचा जो मुख्य असतो त्याला तिथे सुपर म्हणतात. नोकरी मागायला गेलो तेव्हा या सुपरनं मला एक न लागणारं दार दाखवलं. मी बिजागरी काढून खाली पत्ती घातली, दार लागलं.

"शाळा किती?" त्यानं विचारलं.

"नाइन्थ."

"मीही साधारण त्याच स्टॉपवर उतरलो," तो म्हणाला आणि किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला. सगळ्या घरांच्या किल्ल्या. पहिल्याच दिवशी.

इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच. मनातल्या मनात मात्र मी त्याला अहो-जाहोच करायचो. ज्या संध्याकाळी मी त्याच्यावर चेंडू मारायला लागलो त्या संध्याकाळी त्याचा 'अरे' झाला.

तो कसा गोलकीपर झाला ते त्यानं मला नळ दुरुस्त करता करता तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. थोरल्या भावाला गोल मारायची हौस, म्हणून धाकट्याला गोठ्याच्या दारात उभं करायचे. चेंडू सुटला की आत गाय दचकायची आणि आई ओरडायची. "गाय दूध देईना, म्हणून मी चेंडू अडवायला शिकलो." गावाच्या टीममध्ये आला, मग जिल्ह्याच्या. आयर्लंडमध्ये जिल्ह्याकडून खेळणं म्हणजे फार मोठी गोष्ट, पैसा मात्र कुणालाच मिळत नाही. सोमवारी सगळे आपापल्या कामावर. हा दोन वर्षं नुसता बाकावर बसला. मग मोठ्या गोलकीपरचं बोट मोडलं आणि याला एक मॅच मिळाली. बाप गावातल्या लोकांबरोबर बसमधून आला होता. मॅच संपत आलेली, सूर्य समोर, लांबून एक उंच चेंडू आला. हा हात वर करून उभा. चेंडू हातांमधून आत. त्या एका गोलनं मॅच गेली.

"बाप रागावला?"

"नाही रे. परतीच्या बसमध्ये अख्ख्या रस्त्यात एकच वाक्य बोलला. उन्हात टोपी घालायची."

त्यानंतर तो परत बाकावर गेला, आणि पुढच्या वर्षी एका उन्हाळ्यापुरता म्हणून अमेरिकेला आला. उन्हाळा लांबला. बरीच वर्षं कागद नव्हते, त्यामुळे आईच्या मातीलाही जाता आलं नाही. मग कागद झाले, तरी गेला नाही. "पुढच्या उन्हाळ्यात," म्हणायचा. दर रविवारी नदीपलीकडे ब्राँक्समध्ये आयरिश लोकांच्या मॅचेस असायच्या. तिथे तो एका टीमचा गोलकीपर होता, आणि मॅच झाली की बापाला फोन करून काय काय अडवलं ते सांगायचा.

एका उन्हाळ्यात बापानंच फोनवर सांगितलं, तू येत नाहीस तर मी येतो. सत्तरी उलटलेला म्हातारा, विमानात कधी बसलेला नाही. तो येणार त्याच रविवारी आमच्या, म्हणजे त्यांच्या, टीमची फायनल होती. मी 'आमच्या' म्हणायला लागलो होतो.

सुपरची तेव्हापासून झोप उडाली. त्याला हवं ते एवढंच होतं: बापानं त्याला गोलमध्ये उभं बघावं. बापानं बघितलेला त्याचा शेवटचा चेंडू म्हणजे तो सुटलेला चेंडू. आता त्याचं वय चाळिशीला टेकलं होतं, आणि टीमच्या मॅनेजरनं आयर्लंडहून एक तरणाबांड गोलकीपर त्या शनिवार-रविवारपुरता विमानानं आणवला होता. असं तेव्हा सर्रास करायचे. दोघांतलं कोण उभं राहणार ते मॅनेजर मैदानावर ठरवणार होता.

म्हणून आम्ही सराव सुरू केला. कॉम्प्लेक्सच्या मागे कचऱ्याचे दोन मोठे डबे, त्यांच्यामध्ये सुपर, मागे विटांची भिंत. मी आधी नुसते चेंडू गोळा करून द्यायचो. एकदा तो म्हणाला, "मार की." मला हर्ली कशी धरायची ते कळेना. मग मी लहानपणी जे करत होतो ते केलं. चेंडूच्या कडेला टोला देऊन तो वर उडवला आणि उडाल्यावर हाणला. विटी-दांडू, दुसरं काय. चेंडू वाकडातिकडा, जमिनीलगत गेला आणि डब्याला ठण्णकन लागला.

सुपर वाकून त्या डब्याकडे बघत राहिला. "हे काय होतं?"

"इंडियन गेम."

"परत मार. असला चेंडू कुणीच मारत नाही. हा अडवता आला तर सगळे येतील."

रोज संध्याकाळी मग हेच. युनिव्हर्सिटीत शिकणारी आपली मराठी मुलं तिथेच राहायची, ती कठड्यावर बसून बघायची. ती मला काका म्हणायची, म्हणजे तेव्हापासूनच मी काका.

"काका, विटी हरवली काय?"

"दांडू बघ ना यार, काकांनी फॅमिली साइज आणलाय!"

"काका, सुपरला सांगा, राज्य आलंय त्याच्यावर."

सुपर घामाघूम. "काय म्हणतायत ते?"

राज्य आलं हे इंग्रजीत कसं सांगू? मी सांगितलं, "ते म्हणतात, किंगडम तुझ्यावर आलंय."

तो हर्लीवर रेलून हसला. "आमच्यावर येऊन गेलंय. तुमच्यावरही ना?"

शनिवारी त्याच्या हर्लीला टोकाशी चीर गेली. गोलकीपरची हर्ली इतरांपेक्षा रुंद असते आणि प्रत्येकाची त्याच्या हाताची. ॲश नावाच्या झाडाचं लाकूड, तेही खोड जिथे मुळांकडे वळतं तिथलं, म्हणजे रेघा आपोआप वाकलेल्या मिळतात. असलं लाकूड हातात घेतलं की मला वर्कशॉपची आठवण व्हायची. मी म्हणालो, ठेवून जा, रात्रभर सरस लावून क्लॅम्पमध्ये धरतो, उद्या पत्र्याची नवी पट्टी ठोकतो. त्यानं हर्ली आणि खेळाची बॅग दोन्ही माझ्याकडे दिली. तो दुसऱ्या दिवशी दुपारी परस्पर विमानतळावर जाणार होता आणि बापाला घेऊन तिथून थेट मैदानावर. दर रविवारी मला टीममधल्या एकाची व्हॅन गेटवरून घेऊन जायची, त्यामुळे बॅग कशी येणार हे त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

जाताना गाडीच्या खिडकीची काच खाली करून तो म्हणाला, "मला उशीर झाला तर, यू माइंड द हाऊस टिल आय कम."

आता 'माइंड' हा शब्द मला नवा नव्हता. आमच्याकडे नागपूरचा एक पीएचडी करणारा मुलगा होता, त्यानं मला समजावलं होतं, "काका, माइंड म्हणजे मन. पण माइंड द बेबी म्हटलं तर बाळ सांभाळ." मला मुळीच शंका आली नाही. घर सांभाळ, मी येईपर्यंत. बाप पहिल्यांदा येतोय, घर उघडं-वाघडं नको, चोरीमारी नको. आपल्याकडे पाहुणे यायचे असले की असंच कुणाला तरी घरी बसवतात. माझ्यावर त्यानं घर सोपवलं याचा मला आनंदच झाला.

रविवारी पट्टी ठोकून झाली. व्हॅन आली. मी गेटवर जाऊन चालवणाऱ्याला सांगितलं, "मी येत नाही. आज आय ॲम माइंडिंग द हाऊस."

तो मोठ्यानं हसला. "तू? मग देवच वाचवो आम्हाला! चल, बस आत."

"नाही, मी इथेच."

त्याला वाटलं मी थट्टा करतोय. मलाही वाटलं तो थट्टा करतोय. खांदे उडवून तो गेला.

मी सुपरचं घर उघडलं. भांडी घासली, बाथरूम धुतलं, बापासाठी पलंगावर स्वच्छ चादर घातली. खिचडी टाकली, तिखट न घालता. मग दाराशी खुर्ची घेतली आणि हर्ली मांडीवर आडवी ठेवून बसलो. सुरक्षारक्षक बसतो तसा. कठड्यावरच्या मुलांपैकी एकानं विचारलं, "काका, आज मॅच नाही?" मी म्हणालो, "ड्यूटी आहे."

माझ्या खिशातला फोन वाजला. मागे खूप लोकांचा गलका.

"कुठे आहेस?" सुपर.

"घरी."

"कुणाच्या घरी?"

"तुझ्या. आय ॲम माइंडिंग द हाऊस."

मग तो हळू आवाजात म्हणाला, "अरे देवा. हाऊस म्हणजे गोल रे. आम्ही गोलला हाऊस म्हणतो."

मॅचच्या आधी सगळे गोलवर चेंडू मारून अंग मोकळं करतात. तेव्हा आत कुणीही उभं राहिलं तरी चालतं, फक्त जागा रिकामी दिसायला नको. तो येईपर्यंत मी त्याची जर्सी घालून तिथे उभं राहावं असं त्याला म्हणायचं होतं. रिकामा गोल बघून मॅनेजरनं त्या तरण्याला उभा केला होता. आणि एकदा उभा केलेला हलवायचा कुणी? बाप खुर्चीवर बसलेला, हर्ली पिस्कॅटवेला, मॅच सुरू होणार.

"मी येतो," मी म्हणालो.

"नको. इट्स ग्रँड," तो म्हणाला आणि फोन ठेवला. आयरिश माणूस ग्रँड म्हणाला की बरं चाललेलं नसतं, एवढं मला त्याच्याकडूनच कळलं होतं.

मला लायसन्स होतं. पण कॉम्प्लेक्सची व्हॅन मी फक्त हार्डवेअरच्या दुकानापर्यंत नेत असे, तीही उजव्या लेननं. टर्नपाइकच्या मोठ्या हायवेवर मी कधी गेलो नव्हतो, नदीवरच्या पुलावर तर नाहीच. हर्ली बाजूच्या सीटवर ठेवली. तिला सीटबेल्टही लावला, का ते विचारू नका. मागचे ट्रक भोंगे वाजवत होते. पूल दोन मजली, वरून जा की खालून जा अशी पाटी आली तेव्हा मी मोठ्यानं मराठीत विचारलं, "आता कुठून?" आणि पुढच्या गाडीच्या मागे गेलो. ती ब्राँक्सलाच जात होती, माझं नशीब.

पोहोचलो तेव्हा दुसरा हाफ निम्मा झाला होता. गोलमध्ये तो तरणा होता. चांगला होता, खोटं कशाला बोलू. कडेला सुपर हात बांधून उभा, अंगात शर्ट-पँट. शेजारी घडीच्या खुर्चीत कोट, टाय आणि कापडी टोपी घातलेला म्हातारा. मी हर्ली पुढे केली. सुपरनं पट्टीवरून अंगठा फिरवला.

"छान बसलीय," म्हणाला. "पूल ओलांडून आलास?"

मी मान हलवली.

मग तो बापाला म्हणाला, "हा तो."

म्हाताऱ्यानं माझा हात धरला आणि सोडलाच नाही. तसाच मॅच बघत बसला.

आम्ही जिंकलो. लोक नाचले, तरण्याला खांद्यावर घेतलं. मॅनेजर सुपरच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, तू वेळेवर आला असतास तरी मी त्यालाच उभा करणार होतो. हे खरं होतं की आम्हा दोघांना बरं वाटावं म्हणून होतं, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. मी त्यावर पुष्कळ विचार केलाय.

लोक बिअरकडे गेले. मैदान रिकामं झालं. म्हातारा खुर्चीतून उठला, गोलच्या खांबापाशी जाऊन उभा राहिला आणि खांबावर हात ठेवून म्हणाला, "मी समुद्र ओलांडून आलो ते याचं हात बांधणं बघायला का?"

सुपर माझ्याकडे वळला. "मार."

तो घालून आलेल्या चांगल्या बुटांवरच गोलमध्ये गेला. सूर्य पार खाली आलेला, नेमका त्याच्या तोंडावर. त्यानं डोळ्यांवर हात धरला. म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि त्याला दिली. त्यानं घातली. लहान होत होती त्याला.

मी कुणाची तरी पडलेली हर्ली उचलली, टोला देऊन चेंडू उडवला आणि हाणला. वाकडा, जमिनीलगत. त्यानं अडवला. परत मारला. तो डावीकडे आडवा पडला, पँटवर हिरवा डाग, चेंडू हर्लीच्या टोकाला लागून बाहेर. दोघे-तिघे खेळाडू बिअर ठेवून परत आले. त्यांनीही मारायला सुरुवात केली, आणि त्यांचे फटके माझ्यासारखे नसतात. मग तो तरणाही आला. एकजण ओरडला, "माइंड द हाऊस!" तेव्हा माझ्या लक्षात आलं की दर रविवारी हे लोक हेच तर ओरडायचे. मला वाटायचं आयरिश भाषेत काहीतरी बोलतात.

काही चेंडू सुटले. पुष्कळ अडले. म्हातारा मोजत नव्हता, नुसता बघत होता. अंधार पडायला लागल्यावर म्हणाला, "पुरे. डावीकडे अजून उशिरा पडतोस."

"लहानपणापासून, बाबा."

"म्हणूनच सांगतोय."

एवढंच. पण गाडीकडे जाताना म्हाताऱ्यानं टोपी परत मागितली नाही, आणि सुपरनंही ती काढली नाही.

घरी आलो तेव्हा खिचडी गार झाली होती, ती मी गरम केली. म्हातारा चमच्यानं सावकाश जेवला आणि घरभर नजर फिरवत राहिला. घासलेली भांडी, चादर, दाराशी ठेवलेली खुर्ची. मग मुलाला विचारलं, हा दुपारभर इथे काय करत होता? सुपरनं सगळं सांगितलं, हाऊस कसं घर झालं ते. मी खाली बघत होतो. म्हाताऱ्याचा चमचा थांबला.

"काही आत शिरलं का?" त्यानं मला विचारलं.

मला आधी कळलं नाही. मग मी म्हणालो, "नाही. काहीच नाही."

"बघ," तो मुलाला म्हणाला, "याला म्हणतात गोलकीपर," आणि ताट माझ्यापुढे करून आणखी खिचडी मागितली.